टाकी चकाचक, तरी मासे का मरतात?

बेळगावातल्या शहापूरच्या एका ताईंचं पत्र आलंय. घरात सासूबाई, उद्यमबागेत फौंड्रीत काम करणारे यजमान आणि नऊ वर्षांचा मुलगा. चार वर्षांपूर्वी दिरांनी पुण्याहून दोन फुटी काचेची टाकी, तीन गोल्डफिश आणि बिस्किटाएवढी दोन कासवं आणून दिली. घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते, हा त्यामागचा हेतू. कासवं आता तळहाताएवढी झाली आहेत. मासे मात्र टिकत नाहीत. गेल्या वर्षभरात अकरा गेले. ताई दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करतात, खडे आणि फिल्टर घासून धुतात, तरी हेच. थंडी सुरू झाल्यापासून एका कासवाचे डोळे सुजून मिटलेत आणि ते खात नाही. सासूबाई म्हणतात, "तुझा हातगुणच बरा नव्हे. कपिलेश्वराच्या तळ्यात सोडून ये, पुण्य तरी लागंल." हे ऐकून मुलगा रडतो. ताईंनी विचारलंय: "मी अजून किती स्वच्छता ठेवू? की सोडून देणंच बरं?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात एक वाक्य तुम्ही अगदी सहज लिहून गेलात: "आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, म्हणून पाणी आलं की आधी पाइप लावून फिशची टाकी भरून घेते." तुमच्या अकरा माशांपैकी बऱ्याच जणांचं उत्तर या वाक्यात आहे. आणि त्या उत्तराचा तुमच्या हातगुणाशी काही संबंध नाही.

आपण घरात स्वच्छ कशाला म्हणतो? जे घासलेलं, धुतलेलं, डोळ्यांना लख्ख दिसतं त्याला. भांड्यांना आणि फरशीला ते बरोबर आहे. माशाच्या टाकीला ते लागू पडत नाही, कारण माशाला मारणारी घाण दिसतच नाही. मासा श्वास घेतो, खातो, विष्ठा टाकतो, त्यातून पाण्यात अमोनिया सुटतो. पाणी काचेसारखं नितळ असतानाही त्यात मासा मरेल इतका अमोनिया असू शकतो. तो कल्ले जाळतो. मग मासा वरच्या थराला येऊन तोंड उघडं टाकत राहतो आणि आपल्याला वाटतं, भूक लागली असेल.

निसर्गाने यावर सोय करून ठेवली आहे. फिल्टरच्या स्पंजात, खड्यांवर, काचेच्या आतल्या बाजूला सूक्ष्म जिवाणू वस्ती करतात. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात आणि ते मासा बऱ्यापैकी सोसतो. ही वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आणि ताई, तुम्ही ती दर सातव्या दिवशी घासून मोरीत सोडून देत होता. म्हणजे तुमच्या टाकीचा पहिला आठवडा चार वर्षं संपलाच नाही.

ही चूक मी स्वतः केली आहे. माझ्या पहिल्या टाकीचा स्पंज मी नळाखाली धरून पिळत बसले होते. तपकिरी पाणी निघत होतं, निघत होतं, शेवटी स्पंज पांढरा झाला तेव्हा मनाला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी पहाटे दिवा लावला तर सगळे मासे पाण्याच्या अगदी वर, तोंडं बाहेर काढून. संध्याकाळपर्यंत चार गेले. ते तपकिरी पाणी म्हणजे मळ नव्हता, टाकीचा जीव होता, हे मला फार उशिरा कळलं.

नळाचं पाणी वेगळं संकट. आपल्या शहराला राकसकोप आणि हिडकल या धरणांचं पाणी शुद्ध करून येतं, त्यात जंतू मारायला क्लोरीन असतो. आपल्या पोटासाठी तो हवाच. पण तो माशाच्या कल्ल्यांना आणि स्पंजातल्या त्या जिवाणूंना ओळखत नाही. थेट नळीने टाकी भरली की दोघांवरही एकदम घाव बसतो, शिवाय ताजं पाणी टाकीतल्या पाण्यापेक्षा गार असतं तो धक्का वेगळा. पाणी आलं की माशांसाठी एक बादली वेगळी भरा आणि एक दिवस झाकण न लावता उघडी ठेवा. साधा क्लोरीन तेवढ्यात उडून जातो. झाकण लावलेल्या बॅरलमधलं पाणी चार दिवसांचं असलं तरी त्यावर विसंबू नका. घाई असेल तर ॲक्वेरियमच्या दुकानात क्लोरीन मारायचे थेंब मिळतात. तुमच्या शहापुरात जुन्या घरांना आड आहेत. तुमच्या घरी किंवा शेजारी असेल आणि त्यात औषध टाकलेलं नसेल, तर ते पाणी माशांना चालतं, फक्त टाकीतल्या पाण्याइतकं कोमट झाल्यावर घाला.

म्हणजे रविवारी काय करायचं? टाकी रिकामी करायची नाही. मासे बाहेर काढायचे नाहीत. नळी लावून तळाशी बसलेली घाण ओढत पाव टाकी पाणी काढायचं आणि तेवढंच मुरवलेलं पाणी हळूहळू घालायचं. तुमची टाकी दोन फूट लांब आणि एक-एक फूट रुंद-उंच आहे, म्हणजे काठोकाठ 56 लिटर. पाव म्हणजे 14 लिटर, एक बादली. पाण्याची ओढ असलेल्या घरात दर आठवड्याला चार बादल्या ओतत होता, त्या जागी एक. स्पंज महिन्यातून एकदा, तोही टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोन-तीन वेळा दाबून परत बसवायचा. कपड्याची पावडर, साबण, फिनेल, काहीही टाकीला लावायचं नाही. काढलेलं पाणी मोरीत ओतू नका, जास्वंदीला घाला. नायट्रेट म्हणजे झाडाचं खतच.

फिल्टर रात्री बंद करता का, ते तुम्ही लिहिलं नाही, पण पुष्कळ घरांत आवाजामुळे करतात. करू नका. त्या जिवाणूंना वाहत्या पाण्यातला प्राणवायू लागतो. पाणी थांबलं की काही तासांत ते मरायला लागतात. वीज बराच वेळ गेली तर सेलवर चालणारा छोटा हवेचा पंप लावा आणि त्या दिवशी माशांना खायला घालू नका.

खाण्याचं म्हणाल तर दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा चिमूट टाकून जातो, त्याला प्रेमानेच पण थांबवा.

हे सगळं केलं तरी एक गोष्ट उरते, आणि ती सांगताना मला संकोच वाटतो, कारण टाकी तुम्हाला प्रेमाने भेट मिळालेली आहे. मासे आणि कासवं एका टाकीत ठेवायची नसतात. गोल्डफिशला 18 ते 22 अंशांचं गारसर पाणी मानवतं, बेळगावची हवा त्याला अगदी योग्य. या कासवांना पाणी 25 ते 27 अंश लागतं आणि त्याशिवाय अंग पूर्ण कोरडं करून ऊन खायला जागा लागते. एकाच्या सोयीचं पाणी दुसऱ्याच्या गैरसोयीचं. कासवाची घाण माशाच्या कितीतरी पट, आणि तुम्ही "सकाळी दिसलाच नाही" असे जे दोन मासे लिहिलेत ते कासवांनी खाल्ले असणार. त्यात कासवांचा दोष नाही.

आता त्या आजारी कासवाकडे येते, कारण सगळ्यात आधी धाव तिथं घ्यायची आहे.

डोळ्यांमागे लाल पट्टा आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे ही लाल पट्ट्याची कासवं, दुकानात ज्यांना रेड इअर्ड स्लायडर म्हणतात ती. मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. त्यांना चार वर्षं फक्त वाळवलेली कोळंबी दिलीत. दुकानदाराने तेच सांगितलं होतं, तुम्ही तरी काय करणार? पण निव्वळ कोळंबीवर वाढलेल्या कासवात अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि त्याचं पहिलं लक्षण म्हणजे सुजून मिटलेले डोळे. खराब पाणी त्यात भर घालतं. आणि हे कासव डोळ्यांनी बघून खातं. दिसत नाही म्हणून खात नाही, खात नाही म्हणून आणखी खंगतं.

थंडीचाही हात आहे. बेळगावात पौष महिन्यात रात्री पारा 14-15 अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली. कासवाच्या अंगाला स्वतःची ऊब नसते, पाणी गार तसं अंग गार. गार अंगात पोटातलं अन्न पचत नाही. म्हणून जबरदस्तीने भरवू नका. त्याला आधी वेगळ्या टबात घ्या, कवच बुडेल इतकंच पाणी, आणि थर्मामीटर लावून पाणी 27-28 अंशांवर ठेवा. काचेचा हिटर असेल तर त्याला जाळी हवी, कासव धडक मारून फोडतं आणि पाण्यात वीज उतरते. हात घालण्याआधी प्लग काढायचा, मुलालाही हे शिकवा. डोळ्यांत गुलाबपाणी, माणसांचे थेंब, हळद यांपैकी काहीही नको. दोन-तीन दिवसांत जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. जाण्याआधी फोन करून "कासव बघता का" एवढं विचारा, कारण गाई-म्हशींच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांपैकी सगळेच बघत नाहीत. अ जीवनसत्त्व घरच्या घरी गोळी फोडून देऊ नका. जास्त झालं तरी ते विषच, त्याचं माप डॉक्टरांनीच ठरवायचं.

बरं झाल्यावर, आणि दुसऱ्या कासवाला आजपासूनच, ताटात हिरवं येऊ द्या. किसलेलं गाजर, लाल भोपळा, स्वच्छ तळ्यातलं शेवाळ किंवा जलपर्णीचं पान. पालक रोज नको, त्यातला एक आम्लाचा अंश कॅल्शियम बांधून ठेवतो. मोठ्या कासवाला एक दिवसाआड खाणं पुरे. कवचासाठी समुद्रफेसाचा, म्हणजे माकूळ माशाच्या पांढऱ्या हाडाचा, तुकडा पाण्यात टाकून ठेवा, ते कुरतडत राहतं. आयुर्वेदिक काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, खडे बाजारात विचारा.

आणि ऊन. सूर्याच्या किरणांतल्या यूव्हीबी नावाच्या भागाशिवाय कासवाच्या अंगात कॅल्शियम मुरत नाही, कवच मऊ पडतं, वेडंवाकडं वाढतं. तो भाग काचेतून आरपार येत नाही. म्हणून खिडकीत ठेवलेल्या टाकीवर ऊन पडतंय याचा कासवाला उपयोग नाही, उलट पाणी तापून हिरवं होतं. त्याला उघड्यावर, थेट ऊन हवं. आपल्याकडे ते जून ते सप्टेंबर आठवडेच्या आठवडे मिळत नाही, तेवढ्या काळासाठी खास यूव्हीबीचा दिवा घ्यावा लागेल. साध्या बल्बने ऊब मिळते, ते किरण मिळत नाहीत. टाकीत बसायला दगड ठेवाल तर शहाबादी किंवा कडप्पा फरशीचा तुकडा टाकू नका. तो चुनखडीचा दगड, पाण्याचा क्षार वाढवतो आणि क्षारी पाण्यात अमोनिया जास्त विषारी होतो. कुठल्याही दगडावर लिंबू पिळून बघा, बुडबुडे आले तर तो बाहेर.

राहता राहिला जागेचा प्रश्न, आणि इथं मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. या जातीची मादी फूटभराच्या आसपास वाढू शकते आणि नीट सांभाळली तर वीस-तीस वर्षं, कधी त्याहून जास्त जगते. तुमचा मुलगा चाळिशीला येईल तोवर ते कासव घरात असेल. साधा हिशोब असा: कवचाच्या दर अडीच सेंटिमीटरला 40 लिटर पाणी. तुमची कासवं तळहाताएवढी, म्हणजे साधारण 15 सेंटिमीटर, एकट्यालाच 240 लिटर झालं. 56 लिटरच्या टाकीत दोन कासवं आणि मासे हे गणित कुणाच्याही हातात दिलं असतं तरी सुटलं नसतं. अंगणात किंवा गच्चीवर जुनी मोठी पाण्याची टाकी आडवी कापून, निम्म्यावर सावली आणि वर जाळी करून उत्तम घर होतं. सिमेंटची नवी टाकी बांधून घेतली तर काही आठवडे पाणी भरून-ओतून तिचा क्षार उतरल्याशिवाय कासव सोडू नका. दोघांत मारामारी होत असेल तर दोन भाग करा.

हे जमणार नसेल तर नाही म्हणायला लाजू नका. दुसरं चांगलं घर शोधणं हीसुद्धा जबाबदारीच. मोठी बंदिस्त टाकी असलेले हौशी लोक असतात, ॲक्वेरियमवाल्यांना ते माहीत असतात. भूतरामनहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात फोन करून विचारता येईल, पण ते घेतीलच असं धरून चालू नका.

तळ्यात सोडणं मात्र नाही. कपिलेश्वराच्या तळ्यात नाही, किल्ल्याच्या तलावात नाही, राकसकोपला नाही, मलप्रभेतही नाही. सासूबाई पुण्याच्या भावनेने म्हणतात, तिचा मला आदर आहे. पण हे कासव परमुलखातलं, चिवट आणि खादाड. जगातल्या सगळ्यात त्रासदायक 100 उपऱ्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. ते जगलं तर आपल्या मातीतल्या कासवांचं खाणं, ऊन खायच्या जागा बळकावतं आणि आपले रोग त्यांना देतं. गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यातही ही कासवं सापडली आहेत. आणि तुमचं आजारी कासव? ज्याचे डोळे मिटलेत, ज्याने जन्मात स्वतःचं भक्ष्य शोधलं नाही, ते त्या गार पाण्यात उपाशी मरेल. आपल्या नजरेआड मरेल एवढंच.

सासूबाईंचं माहेर खानापूरकडचं, आणि त्यांच्या विहिरीत कासव होतं म्हणून त्या सांगतात. तेही खरं आहे. पाणी स्वच्छ राहावं म्हणून विहिरीत कासव सोडायची रीत पुष्कळ गावांत होती. पण ते इथलंच, मऊ पाठीचं कासव, इथल्या पाण्यात जन्मलेलं, आणि विहीर केवढी! आज ते करायचं म्हटलं तरी करता येणार नाही. आपली देशी कासवं, हे मऊ पाठीचं असो की चांदण्यांची नक्षी असलेलं जमिनीवरचं, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, घरात ठेवणं गुन्हा आहे. हे वाचणाऱ्या कुणाकडे तसं कासव असेल तर कुठंही गुपचूप न सोडता वनखात्याला कळवा.

लक्ष्मीचं म्हणाल तर देवळात गाभाऱ्यासमोर कासव असतं ते दगडाचं किंवा पितळेचं. त्याला नमस्कार करावा. जिवंत कासवावर घरच्या बरकतीचं ओझं टाकू नये असं मला मनापासून वाटतं. ते आजारी पडलं की घरातल्या सुनेला बोल लागतो आणि दोघांचेही हाल होतात.

मुलाला एक सांगा. कासवाला हात लावला की साबणाने हात धुवायचे, दर वेळी, आणि त्याचा मुका घ्यायचा नाही. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, त्याने जुलाब-ताप येतो. याच कारणासाठी अमेरिकेत 1975 पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे. पाच वर्षांच्या आतली मुलं घरी आली तर कासव लांबूनच दाखवा. कासवाचा टब भांडी घासायच्या मोरीत धुऊ नका.

मुलाला एक वहीही द्या. रोज तारीख, पाण्याचं तापमान, कासवाने डोळा उघडला का, काय खाल्लं. डॉक्टरांना या वहीचा तुमच्या-माझ्या अंदाजापेक्षा जास्त उपयोग होईल. टाकीतल्या माशांसाठी अमोनिया-नायट्राइट मोजायची बाटली मिळते, तीही त्याच्याच हाती द्या. दोन्ही आकडे सलग दोन आठवडे शून्य येईपर्यंत नवा मासा आणायचा नाही. आणताना एकच आणा. या टाकीत तीन मोठे गोल्डफिश कायमचे मावत नाहीत, लहान मासे हवे असतील तर गप्पी बरे, फक्त त्यांना थंडीत हिटर लागेल.

सासूबाई सकाळी गच्चीवर उन्हाला बसतात असं तुम्ही लिहिलंय. दहाच्या सुमाराला, ऊन जरा तापल्यावर, पसरट टब त्यांच्या शेजारी ठेवा. त्यात थोडं कोमट पाणी, एक वीट कोरडी राहील अशी, आणि निम्म्या टबावर ओलं पोतं सावलीला. वीस-पंचवीस मिनिटं पुरे. त्यांना एवढंच म्हणा, "आई, घारीवर जरा लक्ष ठेवा." वर आकाशात त्या फिरतच असतात.